गडग्यावरचं जांभूळ

आमच्या डोंगरावर एकच झाड उरलं होतं, आणि तेही भाऊबंदकीमुळे.

कोंडवण्याच्या शिगवणांचा डोंगर आजोबांच्या पिढीत दोघा भावांत वाटला गेला. मधोमध जांभ्या दगडांचा गडगा घातला. अलीकडचं रान आमचं, पलीकडचं चुलत्यांचं. गडगा घालणाऱ्याने डोळे मिटून घातला असावा, कारण एक थोरलं जांभळाचं झाड बरोबर गडग्यातच आलं. माझे बाबा, दत्ताराम शिगवण, म्हणायचे झाड आपलं. त्यांचे चुलतभाऊ महादेव, म्हणजे आमचे म्हादूकाका, म्हणायचे झाड त्यांचं. मी चौथीत असताना कोळशाचा ठेकेदार आला. दोघांनीही आपापलं रान उभंच्या उभं विकलं आणि करवत पायथ्यापासून माथ्यापर्यंत फिरली. ऐन, किंजळ, हिरडा, कुंभा, बाकीची जांभळं, सगळं गेलं. गडग्यातल्या झाडापाशी मात्र करवत थांबली, कारण एकाने फांदीला हात लावला की दुसरा कोर्टात जाणार हे ठेकेदारालासुद्धा कळून चुकलं होतं. जगात मायेने राखलेली झाडं पुष्कळ असतील. आमचं खुन्नसीने राखलं गेलं.

झाडावरून पुढे दावा झालाच, आणि त्याचा निकाल लागला तेव्हा मी तिशी ओलांडली होती. झाड बाबांचं ठरलं. बाबांनी वाडीभर पेढे वाटले, म्हादूकाकांच्या दारावरून दोनदा जास्तीच्या फेऱ्या मारल्या आणि देवळात सगळ्यांसमोर जाहीर केलं, "औंदाची होळी दत्ताराम शिगवणाच्या जांभळाची!"

याचं वजन कोकणाबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. शिमग्याला आमच्याकडे लाकडं रचून होळी होत नाही. एक उंच, सरळ झाड निवडायचं, त्याची पूजा करायची, तोडायचं आणि अख्ख्या गावाने खांद्यावर घेऊन, नाचवत वाघजाईच्या देवळापुढे आणून उभं करायचं. झाड ज्याच्या रानातलं त्याचा पहिला खांदा, आणि त्या खांद्याचा मान वर्षभर पुरतो. डोंगर तुटल्यापासून आमच्या गावाला उंच झाड राहिलं नव्हतं. होळी शेजारच्या गावातून टेम्पोत घालून यायची आणि शेजारचे लोक ती उतरवताना मुद्दाम हसायचे. ती लाज बाबा एका दिवसात पुसून काढणार होते, वर म्हादूकाकांच्या डोळ्यांदेखत. गुरवाने जांभळाच्या बुंध्याशी नारळ ठेवला. नारळ ठेवला की झाड देवीचं झालं, शब्द मागे घेता येत नाही.

नेमकी त्याच आठवड्यात मी यंत्र घेऊन घरी आले.

मी पुण्याच्या एका संशोधनसंस्थेत काम करते. आमच्या यंत्राचं नाव मूळदर्शी. तुटलेल्या डोंगरांवर त्याची चाचणी घ्यायची होती. मी आपल्याच गावचा डोंगर निवडला, कारण तिथे जेवायला आई घालणार होती. यंत्राच्या पेट्या अंगणात उतरल्या तेव्हा बाबांनी त्यांच्याभोवती एक चक्कर मारली.

"काय गो हर्षू, ह्ये काय?"

"जमिनीच्या आत काय चाललंय ते दिसतं यातून."

"म्हंजे सोनोग्राफी." बाबा हसले. "डोंगराला दिवस गेलेत काय, बगायला आलीस ती?"

वाडीत तेच नाव पडलं. लोक मला सोनोग्राफीवाली म्हणायला लागले.

खरं तर नाव अगदीच चुकीचं नव्हतं. हवेतल्या कार्बनचे बहुतेक अणू एका वजनाचे असतात, पण शंभरातला एखादा जरा जड असतो. झाडाला त्याचं काही नसतं, ते दोन्ही सारखेच खातं. यंत्राला मात्र फरक कळतो. म्हणून एखाद्या झाडाच्या पानांना पारदर्शक पिशव्या बांधायच्या आणि आत जड कार्बनची हवा सोडायची. पानं उन्हात तिची साखर बनवतात, साखर खोडातून खाली मुळांत उतरते, मुळं श्वास सोडतात आणि तो जड कार्बन मातीतून वर येतो. डोंगरभर पेन्सिलीएवढ्या नळ्या खोचलेल्या असतात, त्या तो हुंगतात. ज्या नळीला वास लागला, तिथवर त्या झाडाची साखर पोचली. मुळांमधून पाणी कुठल्या दिशेला चाललंय तेही त्याच नळ्या विजेच्या बारीक चढउतारांवरून ओळखतात. पूर्वी अशा एका प्रयोगाला वर्ष जायचं. आता सगळी मापं एका चष्म्यात येतात. तो घालून उभं राहिलं की पायाखाली साखर पिवळी दिसते आणि पाणी निळं.

डोंगरावर पिशव्या बांधायला झाड एकच होतं. नळ्या मात्र दोन्ही अंगांना हव्या होत्या, म्हणून मी गडगा ओलांडून म्हादूकाकांकडे गेले. आमच्या घरातलं कोणी त्या अंगणात कित्येक वर्षांत गेलं नव्हतं. काका गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"बापाला इचारून आलीस?"

"यंत्राला हद्द कळत नाही, काका."

"मंग तुज्या बापापरास शानं हाय ते," काका म्हणाले. "खोच कुटं खोचायच्या त्या. फकस्त जाळीत जपून. माज्या गुडघ्यामुळं रान साफ करायला जमलेलं नाय, लय माजलंय."

बाबांचा यावरूनच काकांवर सगळ्यात जास्त राग. आमची बाजू बघावी तर स्वच्छ. दरवर्षी माघात बाबा कोयती घेऊन चढायचे, खुंटांना फुटलेले धुमारे, झुडपं, करवंदी सगळं तासायचे आणि वाळलं की पेटवून द्यायचे. आगीने गवत चांगलं येतं आणि रान नीटनेटकं राहतं, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. लोक रस्त्यावरून दाखवायचे, तो बघा दत्तारामचा डोंगर, अंगण केलंय नुसतं. म्हादूकाकांची बाजू म्हणजे करवंदीच्या काट्यांचा गुंता. बाबा तिला भुतांची वस्ती म्हणायचे. सरकारी वृक्षारोपणसुद्धा आमच्याच बाजूला व्हायचं, फोटो स्वच्छ येतात म्हणून. रोपं दरवर्षी नवी असायची, खड्डे तेच.

पिशव्या बांधून दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ऊन कलताना मी जांभळाखाली उभी राहिले आणि चष्मा लावला.

माझी अपेक्षा साधी होती. झाडाभोवती एक पिवळं वर्तुळ दिसेल, त्याच्या मुळांएवढं, आणि त्यापलीकडे काळोख असेल. पान नसलेला खुंट साखर बनवू शकत नाही, तो उपाशी मरून कुजायला हवा. आमचे खुंट तुटून वीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

वर्तुळ दिसलं नाही. बुंध्यापासून पिवळी दोरी निघाली आणि समोरच्या जांभळाच्या खुंटाला भिडली. खुंट उजळला. त्याच्यातून तीन दोऱ्या निघाल्या, पुढच्या खुंटांना गेल्या, तेही उजळले. जांभळाची मुळं जांभळांच्या मुळांत चिकटून एक झाली होती. जिथे ऐन-किंजळीचे खुंट होते, तिथे दोरी बारीक होऊन बुरशीच्या धाग्यांतून जात होती; असं होतं की नाही यावर आमच्या क्षेत्रात मोठमोठ्या माणसांची भांडणं होती, आणि ते माझ्या पायाखाली चाललं होतं. खुंटामागून खुंट पेटत उजेड उतारावरून खाली गेला, माथ्याकडे वर गेला, गडग्याच्या दोन्ही बाजूंनी गेला. लहानपणी मी ज्या रानात हिरडे वेचले ते रान, झाडामागून झाड, जिथल्या तिथे जमिनीखाली होतं. मेलेलं काहीच नव्हतं. मला हसू फुटलं, मग रडू आलं, आणि इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

मी धावत जाऊन बाबांना ओढून आणलं. चष्मा त्यांच्या नाकावर बसवला.

ते खुंटाखुंटावरून मान फिरवत राहिले. मग त्यांचं बोट पलीकडे वळलं.

"ही साखर माज्या झाडाची?"

"हो."

"आनि ती म्हाद्याच्या रानात चाललीय?"

"दोन्हीकडे चाललीय, बाबा."

"त्याच्याकडं जास्त चाललीय!" बाबा भडकले. "ही चोरी हाय. कोर्टानं झाड माजं ठरीवलंय आनि खातोय तो!"

मी कपाळावर हात मारला. डोंगर जिवंत असल्याचं बघून या माणसाला पहिल्यांदा दावा आठवला. पण त्यांचं निरीक्षण चूक नव्हतं. पिवळा रंग काकांच्या बाजूला दाट होता, कारण तिथल्या जाळीत गुरं शिरत नव्हती, आग लागत नव्हती, धुमारे वाढले होते. आमच्या बाजूला दोऱ्या अंधुक होत्या. दर पावसात खुंट डोकं वर काढत होते, आम्ही दर माघात ते छाटत होतो, जाळत होतो, आणि जांभूळ पुन्हा पोसत होतं. हे मी सांगितलं तेव्हा बाबांनी मान आमच्या बाजूला वळवली.

सूर्य डोंगराआड गेला. पानांची रंध्रं मिटली, त्यांतून पाणी उडणं थांबलं. आणि चष्म्यात दुसरा रंग आला. काकांच्या बाजूच्या खालच्या खुंटांकडून निळ्या रेषा निघाल्या. त्यांची मुळं ओढ्याच्या ओलीत होती. ते पाणी खुंटाखुंटांतून वर चढलं, गडग्याखालून अलीकडे आलं आणि जांभळाच्या बुंध्यात शिरलं. फाल्गुनातही आमचं झाड हिरवंगार कसं, याचं बाबांना फार कौतुक असायचं. आमची माती चांगली, असं ते सांगायचे.

बाबांनी चष्मा काढला नाही. ते खाली बसले आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले.

"हर्षू," ते हळूच म्हणाले, "डोंगराला खरंच दिवस गेलेत गो."

घरी परतताना ते एकच वाक्य बोलले. "नारळ ठेवलाय मी."

काकांकडच्या धुमाऱ्यांचीही काट्यांच्या सावलीत स्वतःपुरती कमाई होत नव्हती. झाड तुटलं असतं तर महिन्याभरात वरचे खुंट उपाशी पडले असते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत सगळा डोंगर खरोखर मेला असता. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते आधीच कळलं होतं. एका बाजूला देवीला दिलेला शब्द, गावाची लाज, त्यांचा पहिला खांदा. दुसऱ्या बाजूला जमिनीखालचं रान, जे त्यांच्या-माझ्याशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. आणि शिमगा तोंडावर आला होता. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आई माझ्यावर चिडली, म्हणाली, "चांगला हसत व्हता मानूस, काय दाखीवलंस त्याला?"

वाट मला काकांच्या जाळीत दिसली. नळ्या खोचताना मी काट्यांतून रांगत आत गेले होते. तिथे एका जांभळाच्या खुंटाला पाच-सहा धुमारे आले होते. काट्यांच्या अंधारातून उजेडाकडे झेपावताना ते सरळसोट वाढले होते, दोन पुरुष उंच. अशा खुंटावर एक-दोन धुमारे ठेवून बाकीचे काढले तर राहिलेले जोमाने वाढतात. म्हणजे त्यातला एक तोडल्याने रानाचं नुकसान नव्हतं, उलट भलंच होतं. आणि यंत्राच्या नकाशात तो खुंट थेट आमच्या जांभळाला जोडलेला होता, मुळात मूळ मिसळून. ते वेगळं झाड नव्हतंच, त्याच झाडाचं अंग होतं.

"पन हाय म्हाद्याच्या रानात," बाबा म्हणाले.

"मागावा लागेल."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विहिरीत उडी मारायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गडग्यापाशी जाऊन उभे राहिले. मी थोडी मागे होते. पलीकडे काका शेळी सोडत होते.

"म्हाद्या."

काका शेळीशीच बोलले. "कोन हाक मारतंय गो?"

"मी दत्ता. तुज्या जाळीतला एक सोट पायजे. होळीला."

"तुजं जांभूळ हाय की. कोर्टानं दिलंय, पेढं वाटलंस."

"ते नाय तोडायचं."

"का?"

बाबांनी रात्रभर काय काय जुळवलं होतं कोण जाणे, आता त्यांना काही आठवेना. "तुजं रान त्याच्यावर जगतंय," ते म्हणाले. थोडं थांबून, फार कष्टाने, पुढचंही म्हणाले. "आनि ते तुज्या पान्यावर."

काकांनी शेळी सोडून दिली. गडग्याजवळ आले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग बाबांकडे.

"रान माजं, तर पयला खांदा माजा," ते म्हणाले.

बाबांचा चेहरा लाल झाला. गडग्यावर ठेवलेल्या हाताची बोटं दगडात रुतली. मला वाटलं, संपलं, आता हे कोयती आणायला जाणार. जन्मभर ज्या एका गोष्टीसाठी भांडले ती मिळाल्यावर, ती स्वतःच्या हाताने त्याच माणसाला द्यायची होती.

"घे," बाबा म्हणाले आणि मागे वळून न बघता घरी गेले.

राहिली देवी. गुरव म्हणाले, नारळ फिरवायचा तर कौल लावल्याशिवाय नाही. वाघजाईच्या पाषाणाला डावी-उजवीकडे फुलांचे कळे चिकटवले. उजवा पडला तर सोट, डावा पडला तर जांभूळ. गाव श्वास रोखून उभं होतं. मी विज्ञानाची माणूस. कळा ओला किती, दगड खडबडीत किती, यावर ते पडणं अवलंबून असतं, हे मला चांगलं माहीत आहे. तरी मी मनातल्या मनात म्हणत होते, आई, उजवा पाड, तुझ्या पाया पडते. कळे हलेनात. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, दोघा भावांची नावं घेऊन. तेव्हा उजवा कळा सुटून खाली आला.

त्या वर्षीची होळी गावाच्या इतिहासातली सगळ्यात बारीक होळी होती. पोरं म्हणाली, ही होळी की काठी! पण टेम्पोतून आली नव्हती, स्वतःच्या डोंगरावरून आली होती, आणि ढोल वाजल्यावर कोणी जाडी मोजली नाही. पुढे म्हादूकाका लंगडत नाचत होते, मागच्या टोकाला बाबा. दोघे एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत.

त्यानंतर बाबांनी आयुष्यातलं सर्वात अवघड काम केलं, म्हणजे काहीच केलं नाही. माघ आला की त्यांचे हात शिवशिवायचे. कोयती घेऊन गडग्यापर्यंत जायचे, डोंगराकडे बघायचे आणि परत यायचे. लोक म्हणायला लागले, दत्ताराम आळशावला, अंगणासारखा डोंगर होता, वाट लावली. वृक्षारोपणाचे साहेब फोटोला जागा नाही म्हणून परत गेले. ज्या माणसाच्या नीटनेटकेपणाची ख्याती होती त्याला ते फार लागायचं. मी फोन केला की आधी तक्रार, मग हळूच बातमी. ऐनाला धुमारे आले. किंजळ छातीला लागली. उदमांजर गडग्यावर घाण करून गेलं, त्यातून कसलंसं रोप आलंय, ओळखू येत नाय. मग एके दिवशी ओरडतच फोन आला, "ककणेर आला गो! जोडी हाय! जांभळावर बसलाय!" ककणेर, धनेश, मोठ्या रानाचा पक्षी. बाबांनी तो लहानपणानंतर पाहिला नव्हता. आणि त्याच्या पोटातून आलेल्या बिया डोंगरभर पडणार होत्या, ज्या आम्ही कोणीही लावल्या नसत्या.

दहाएक वर्षांनी, वैशाखाच्या शेवटी वादळ आलं. आजकाल ती येतातच. सकाळी बाबांचा फोन. आवाज ओळखू येईना. "जांभूळ पडलं."

मी यंत्र घेऊन पोचले. झाड छातीएवढ्या उंचीवर मोडून गडग्यावर आडवं झालं होतं. भोवतीचं नवं रान वाकलं होतं, पण उभं होतं. बाबा पडलेल्या खोडावर बसले होते आणि शेजारी, बऱ्याच अंतरावर, म्हादूकाका. काकांना मोतीबिंदू पिकून दिसेनासं झालं होतं, ऑपरेशनला ते घाबरत होते. पण झाड पडल्याचं ऐकून ते काठी टेकत आले होते.

आता मुळांतून साखर पाठवायला वर काही नव्हतं. डोंगराचं काय होईल ते बघायचं होतं. मी गडग्याच्या दोन्ही अंगांच्या नव्या झाडांना पिशव्या बांधल्या, नळ्या खोचल्या आणि थांबले. ज्या खुंटावरचा पहिला सोट होळीला गेला होता, त्याच खुंटावरचा राहिलेला धुमारा आता चांगलं झाड झाला होता. एक पिशवी त्यालाही बांधली.

तिसऱ्या दिवशी दोघे पुन्हा खोडावर येऊन बसले. मी बाबांना चष्मा दिला.

"काय दिसतंय?" काकांनी विचारलं.

बाबांनी उत्तर द्यायला वेळ लावला. "तुज्याकडं पिवळं हाय. लय हाय. सगळं रान पेटल्यागत दिसतंय."

"आनि मोडलेला खुंट?"

"काळा हाय."

दोघेही म्हातारे, मान खाली घालून बसले होते. मी चष्म्याशिवाय होते. मला फक्त मोडलेला बुंधा दिसत होता आणि त्यावर ओघळून सुकलेला रस.

"थांब," बाबा म्हणाले. "हाललं काय तरी."

"कुटं?"

"तुज्या जाळीतनं. त्या होळीच्या खुंटाकडनं. दोरी निघालीय."

काका सरकत सरकत जवळ आले. बाबांच्या खांद्याला खांदा लागला तेव्हा थांबले. "कुनीकडं चाललीय?"

"वर येतीय. बारीक हाय, पन येतीय." बाबांनी चाचपडत काकांचा हात धरला आणि त्या हाताने हवेत बोट दाखवत राहिले, ज्याला काही दिसत नव्हतं अशा माणसाला. "ह्या अंगानं. आता ऐनापाशी आली. आता त्या दगडाला वळसा घातलान."

"आता?"

"आता गडग्यापाशी हाय."

"मंग? दत्ता, मंग?"

बाबांनी काकांचा हात खाली नेला आणि मोडलेल्या बुंध्यावर ठेवला.

"आली," ते म्हणाले. "आली रे म्हादू. अलीकडं आली."